तीन चऱ्होल्या

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील चार विद्यार्थ्यांनी आळंदीजवळच्या एका छोट्या वाचनालयासाठी सभासदांची आणि पुस्तकांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार केली. काम नेटके झाले होते, मोबाइलवरही व्यवस्थित उघडत होते आणि ग्रंथपाल बाईंनी ते पहिल्याच दिवशी वापरायला घेतले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चऱ्होली गावचे सभासद शोधले की निम्मेच सापडतात, उरलेले यादीत डोळ्यांना दिसतात पण शोधात येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

मुलांनी आधी बाईंच्या टायपिंगवर संशय घेतला, मग डेटाबेसवर, आणि शेवटी वाचनालयातील इंटरनेटवर. आमच्या व्यवसायात दोष शोधण्याचा हा रूढ क्रमच आहे: आधी माणूस, मग यंत्र, सर्वांत शेवटी आपण स्वतः. मी त्यांना एवढेच सांगितले की तुम्हाला जो शब्द दिसतो आहे तो संगणकाला दिसतच नाही; त्याला काय दिसते ते छापून आणा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला, तेव्हा चऱ्होली एक नसून तीन आहेत हे सर्वांना कळले. पहिलीत सात चिन्हे होती: च, ऱ, हलन्त, ह, ओकार, ल आणि दीर्घ वेलांटी. दुसरीत आठ होती, कारण तिथे ऱ ऐवजी साधा र होता आणि हलन्तानंतर डोळ्यांना अजिबात न दिसणारे एक जोडचिन्ह बसले होते. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याचा क्रमांक २००डी आहे. तिसरीतही आठच, पण तिथे र आणि त्याच्या खालचा नुक्ता (टिंब) अशी दोन सुटी चिन्हे मिळून ऱ तयार झाला होता. पडद्यावर तिन्ही नावे तंतोतंत सारखी. वाचनालयाची यादी तीन ठिकाणांहून एकत्र केलेली होती, त्यातील काही जुन्या एक्सेलमधून, काही कोणाच्या तरी फोनवरून आणि काही बाईंनी स्वतः टाइप केलेली. प्रत्येक कळफलकाने अर्ध्या र-काराची आपापली सोय लावली होती. संगणक अक्षरे वाचत नाही, तो क्रमांक जुळवतो, आणि ०९३१ (ऱ) हा ०९३० (र) नव्हे.

या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात पंचवीसएक वर्षे काम करते, गेली सहा वर्षे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस शिकवते, आणि कंपनीत नवोदितांच्या मुलाखती घेणाऱ्यांतही असते. त्यामुळे दरवर्षी कोणत्या ना कोणत्या बैठकीत ‘उद्योगक्षेत्राची प्रतिनिधी’ म्हणून मला एक ठरलेला प्रश्न विचारला जातो: संगणकाच्या पदवीधराला आज नेमके काय यायला हवे? बैठकीला आलेले माझ्यासारखे लोक मग साधनांची नावे सांगतात, कोणीतरी ती फळ्यावर लिहून घेते, चहा येतो, आणि त्यांतील दोनतीन नावे पुढच्या अभ्यासक्रमात एखाद्या वैकल्पिक विषयाच्या रूपाने उमटतात. तो अभ्यासक्रम शिकून पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत त्या नावांतील निम्मी जुनी झालेली असतात. मीही अशी नावे सांगितली आहेत. आता सांगत नाही. माझे उत्तर आता असे असते की पदवीधर ज्या मजल्यावर काम करणार आहे, त्याच्या एक मजला खाली त्याला उतरता आले पाहिजे.

मजल्याची ही भाषा थोडी समजावून सांगायला हवी. संगणकशास्त्राची सारी वाटचाल ही मजल्यावर मजला चढवण्याची आहे, आणि प्रत्येक नवा मजला चढवताना खालच्याचा विचार करायचे आता कारण नाही असे आश्वासन दिले जाते. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला तेव्हा त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. त्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला तारेपासून गणितापर्यंत सगळे यंत्र डोक्यात ठेवणे शक्य होते. आज कोणालाही ते शक्य नाही, आणि तशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतःच्या खिशातील फोन आतून कसा चालतो हे आधी सांगून दाखवावे. म्हणून मी तळघरापर्यंत जायला सांगत नाही. एक मजला पुरे. वेबपृष्ठ तयार करणाऱ्याला ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणे होते ते ठाऊक असावे, डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्याला त्याचे उत्तर कोणत्या वाटेने शोधले जाते याचा अंदाज असावा, आणि मराठी नावे साठवणाऱ्याला अक्षर म्हणजे आत काय असते हे माहीत असावे.

शेवटचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. २००६ साली एका सहकारी संस्थेच्या सभासदांची यादी इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे होते. नावाचा रकाना पन्नास बाइटांचा (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणुकीचे एकक) होता आणि तो वर्षानुवर्षे पुरला होता, म्हणून मी त्याला हात लावला नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. पन्नास भागिले तीन केले की सोळा चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव एवढे सोळा चिन्हांत बसणारा सभासद विरळाच. त्या रकान्याने तक्रार न करता जेवढे मावले तेवढे ठेवले, आणि छापील यादीत शेकडो आडनावे मध्येच तुटून त्यांच्या शेपटाला प्रश्नचिन्हाचा एक काळा चौकोन लटकू लागला. सतरावे चिन्ह तिथे दोन तृतीयांशच पोहोचले होते. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी ती यादी माझ्यासमोर ठेवली आणि फार शांतपणे विचारले, “मॅडम, आमच्या लोकांची आडनावं कुठं गेली?” मला पदवी मिळून सात वर्षे झाली होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

महाविद्यालयात आम्ही टर्बो सी या प्रोग्रॅमिंगच्या साधनाच्या निळ्या पडद्यावर शिकलो. माझ्या पिढीतील कोणत्याही मराठी अभियंत्याला त्या निळ्या रंगाची आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मंत्रासारख्या लिहायच्या त्या ‘सीएलआरएससीआर’ या पडदा पुसणाऱ्या आज्ञेची आठवण असेल. पूर्णांकाला दोन बाइट लागतात, हे आम्ही पाठ केले होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास तेच विचारत, आणि दोन म्हटले की पुढच्या रोल नंबरला बोलावले जाई. पूर्णांक दोन बाइटांचा असतो ही त्या विशिष्ट साधनाची गोष्ट होती, निसर्गनियम नव्हता, हे मला नोकरीत गेल्यावर कळले, कारण तिथल्या यंत्रावर तो चार बाइटांचा होता. गंमत अशी की ज्या एका प्राध्यापकांनी आम्हाला दोन बाइटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येत, म्हणजे ३२७६७ मध्ये, एक मिळवून पाहायला लावले होते आणि उत्तर उणे ३२७६८ आल्यावर ‘का?’ एवढेच विचारून वर्ग सोडला होता, त्यांचा तो एक तास आजही माझ्या उपयोगी पडतो. टर्बो सी गेले, फॉक्सप्रो गेले, व्हिज्युअल बेसिकवर मी तीन वर्षे पोट भरले तेही गेले. ते उणे ३२७६८ मात्र कुठेही गेलेले नाही.

ते कुठेही गेलेले नाही याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. क्रमवार लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधण्यासाठी मधोमध पाहायचे, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध पाहायचे, ही द्विभाजन शोधाची रीत पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकवतात. मध्य काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचे, हे शाळकरी मुलालाही सुचेल. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीरपणे लिहिले की त्यांनीच जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीसाठी, म्हणजे तयार कोडच्या संग्रहासाठी, लिहिलेल्या या शोधात दोष होता आणि तो सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की बत्तीस बिटांचा पूर्णांक उलटतो, उणे होतो, आणि मध्य म्हणून यादीबाहेरचे स्थान हाती येते. त्यासाठी यादीत सुमारे १०७ कोटी घटक असावे लागतात. ज्या काळात ती रीत शिकवायला सुरुवात झाली तेव्हा एवढी यादी कोणाकडे नव्हती, पुढे ती झाली. दोष कोडमध्ये पहिल्यापासून होता. तो दिसायला जग मोठे व्हावे लागले.

मी हा कोड दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला देते आणि यात काय चुकले ते विचारते. पूर्वी वर्ग शांत असे. आता दोन मिनिटांत पंधरा जण हात वर करतात, कारण प्रश्न फोनवरील एखाद्या चॅटबॉटला विचारला की तो ओळीचा क्रमांक सांगून दुरुस्तीही देतो. मग मी पुढचा प्रश्न विचारते: हाच कोड पायथन या दुसऱ्या भाषेत लिहिला तर चूक राहील का? इथे हात खाली येऊ लागतात. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, म्हणून ती चूक तिथे उद्भवतच नाही. ज्याला हे कळले त्याला दोष कळला. ज्याला फक्त दुरुस्त ओळ मिळाली, तो पायथनमध्येही ती ओळ श्रद्धेने लिहीत राहतो.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या अचानक फार सुबक झाल्या. याचे मला फार दुःख नाही, कारण त्याआधीच्या वह्याही त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलची नक्कल, आणि अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे शहरातील एखाद्या दुकानातून अहवालासकट आणलेला प्रोजेक्ट, हे आमच्याकडे सर्वांना माहीत असलेले गुपित होते. तेव्हा यंत्राने मुलांची मेहनत हिरावली असे म्हणणाऱ्यांनी ती मेहनत आधी कुठे होती तेही सांगावे. माझी चिंता वेगळी आहे. कोड लिहिणे स्वस्त झाले आहे आणि तो बरोबर आहे की नाही हे ठरवणे पूर्वीइतकेच महाग राहिले आहे. नवोदितांना पहिली एकदोन वर्षे जी साधी, कंटाळवाणी कामे मिळत आणि ज्यांतून त्यांचा हात बसत असे, तीच कामे आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत. ज्येष्ठ माणसाची शंका घेण्याची सवय ही त्याच कंटाळवाण्या कामांतून तयार झालेली असते. ती कामे न करता ती सवय कशी लागणार, याचे उत्तर महाविद्यालयांनी शोधायला हवे, कारण कंपन्या ते शोधतील असे मला वाटत नाही.

चऱ्होलीचेच पुढे काय झाले ते सांगते. चौघांपैकी एकाने यंत्राला विचारले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की साठवण्याआधी मजकुराचे युनिकोडच्या ठरावीक पद्धतीने सामान्यीकरण करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करा. उत्तर सुशिक्षित होते. त्याने ते लावले, तपासले, आणि नुक्त्याची चऱ्होली पहिल्या चऱ्होलीत विलीन झाली. ‘झालं, मॅडम,’ असा संदेश मला रात्री साडेअकराला आला. सकाळी त्याच गटातील एका मुलीने तिन्ही रूपे एकेक करून तपासली, तर अदृश्य जोडचिन्हाची चऱ्होली तशीच वेगळी उभी. ते सामान्यीकरण त्या चिन्हाला हातच लावत नाही. यंत्राला पुन्हा विचारल्यावर त्याने सुचवले की शोधाच्या आधी अशी सगळी अदृश्य चिन्हे काढून टाका. तेही केले, आणि आता चऱ्होली बिघडलीच. र आणि हलन्त यांच्यापुढचे ते चिन्ह काढले की अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

हे त्या मुलांच्या लक्षात आणून दिले ते ग्रंथपाल बाईंनी. त्यांना युनिकोड ठाऊक नाही, मराठी ठाऊक आहे. त्यांनी सह्याद्रीतील ‘दऱ्या’ शोधल्या तेव्हा पुढ्यात दर्यावर्दी लोकांच्या पुस्तकांची यादी आली. “उद्या आचाऱ्यांना बोलवायला सांगाल आणि आचार्यांना निरोप जाईल,” असे त्या म्हणाल्या, आणि चार भावी अभियंते एकमेकांकडे पाहू लागले. शाळेत शिकलेला दर्या आणि दऱ्या यांतील फरक हा आपल्या प्रोग्रॅममधील एका ओळीचा प्रश्न आहे, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. उपाय शेवटी साधा निघाला: र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी तिकडी दिसली की आधी तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, मग बाकीचे सामान्यीकरण करायचे. यंत्राला नेमके असे विचारले असते तर त्यानेही ते लिहून दिले असते, याबद्दल मला शंका नाही. तसे विचारण्यासाठी प्रश्न मराठीचा आहे हे आधी कळायला हवे होते.

संगणकाचा पदवीधर ज्या कोणत्या क्षेत्रासाठी काम करतो, मग ते वाचनालय असो, बँक असो की रुग्णालय, त्या क्षेत्रातील माणसाचे बोलणे त्याला ऐकता आले पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमात याला ‘गरजांचे विश्लेषण’ असे भारदस्त नाव आहे आणि त्यावर आठ गुणांचा प्रश्न येतो.

याच प्रकल्पात एक गंभीर गोष्टही घडली. दोष शोधण्याच्या घाईत एका विद्यार्थ्याने सभासदांची सगळी यादी, मोबाइल क्रमांक आणि पत्त्यांसह, चॅटबॉटच्या खिडकीत चिकटवली होती. त्याला त्यात काही गैर वाटले नव्हते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संसदेने संमत केला, हे त्याने पाठ केलेले होते. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली असती. आपण आत्ता जे केले ते याच कायद्याच्या विषयात मोडते, हे त्याला सुचले नाही. मी त्याला रागावले नाही. फक्त त्या यादीत स्वतःच्या आजीचे नाव आणि फोन नंबर आहे अशी कल्पना करायला सांगितली. त्याने खोटी नावे घालून वीस ओळींची यादी तयार केली, आणि दोष त्या वीस ओळींतही तितकाच स्पष्ट दिसला.

मुलाखतींत मी हल्ली कोड लिहायला जवळजवळ सांगतच नाही. मी विचारते: तुम्ही दुकानात यूपीआयवरून ५०० रुपये पाठवलेत, पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि मग काहीच कळले नाही, तर तुमच्या ॲपने पुन्हा पैसे पाठवावेत का? बहुतेक उमेदवार कोणत्या तरी फ्रेमवर्कचे नाव घेतात. एकदा नांदेडकडील एका मुलाने उत्तर द्यायच्या आधी मलाच विचारले, “पहिल्या विनंतीचं काय झालं हे मला कळू शकतं का?” इथेच तो माझ्या दृष्टीने उत्तीर्ण झाला होता. विनंती पोहोचलीच नसेल, पोहोचून पैसे गेले असतील पण उत्तर वाटेत हरवले असेल, किंवा काम अजून चालू असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, तीन चऱ्होल्यांसारखे. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाने कितीही वेळा विनंती केली तरी पैसे एकदाच जावेत, इथपर्यंत तो स्वतःच्या विचाराने आला. या युक्तीचे शास्त्रीय नाव त्याला माहीत नव्हते. त्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते, आणि गिऱ्हाईक ‘पैसे गेले’ म्हणते पण गल्ल्यावरचे यंत्र बोलत नाही, हा तंटा त्याने कैक वेळा सोडवला होता. त्याचे इंग्रजी अडखळत होते, म्हणून आधीच्या फेरीत त्याला कमी गुण होते; मी ते पत्रक बाजूला ठेवले.

इंग्रजीचा उल्लेख निघालाच आहे तर सांगते. मी साताऱ्याच्या मराठी शाळेतून आले आणि पहिली दोन वर्षे बैठकांत तोंड उघडले नाही, त्यामुळे या विषयात मी निःपक्षपाती नाही. तरी माझे मत असे आहे की आमच्या मुलांना कमी पडते ते इंग्रजी नव्हे, तर घडलेली गोष्ट क्रमाने सांगणे. ‘नॉट वर्किंग’ एवढ्या दोन शब्दांत दोष कळवणारे लोक मी चांगल्या इंग्रजीचेही पाहिले आहेत. मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि ते प्रत्येक वेळी होते की कधीकधी, एवढ्या चार गोष्टी जो मराठीत नीट लिहू शकतो तो सहा महिन्यांत इंग्रजीतही लिहितो. म्हणून माझ्या वर्गात दोषाची नोंद मराठीत लिहिलेली चालते, मात्र ती अर्ध्या पानापेक्षा कमी चालत नाही.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२० साली संगणकाच्या अभ्यासक्रमांविषयी जो दस्तऐवज सिद्ध केला, त्यात पदवीधराची क्षमता ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती या तिन्हींनी मिळून बनते, असे मांडले आहे. आपल्या परीक्षा पहिल्याची चाचणी घेतात, दुसऱ्याची घेतल्यासारखे करतात, आणि तिसरे त्यांच्या आवाक्यात येत नाही. वृत्ती म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायचे झाले की मी २०२४च्या मार्चमधील एक घटना सांगते. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता एका चाचणी यंत्रावर मोजमापे करत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला एरवीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद. तुम्ही-मी चहाचा घोट घेतला असता. ते सुरक्षेचे तज्ज्ञ नव्हते आणि ते काम त्यांना कोणी दिलेले नव्हते, पण हा अर्धा सेकंद कुठे जातो हे शोधत ते एक मजला खाली गेले, तिथून आणखी एक, आणि पोहोचले एक्सझेड नावाच्या फाइली संकुचित करणाऱ्या एका साध्या लायब्ररीपाशी. प्रवेशाच्या प्रणालीचा तिच्याशी थेट संबंधही नव्हता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या काही वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ती मधल्या दुसऱ्याच एका लायब्ररीच्या मागून आत येत होती. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता, आणि तो बसवणाऱ्या टोपणनावाने त्याआधी दोनेक वर्षे इमानाने काम करून त्या लायब्ररीच्या थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळे जाहीर केले. त्या आवृत्त्या जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याआधी हे घडले म्हणून वाचलो.

हा प्रसंग सांगितला की वर्गात कोणीतरी हमखास विचारते की असे लक्षात येण्यासाठी कोणता कोर्स करावा. पूर्वी मला या प्रश्नाचे हसू येई. आता मी त्यांना घरी जाऊन स्वतःच्या प्रोग्रॅमला एरवी किती वेळ लागतो ते आठवडाभर रोज लिहून ठेवायला सांगते. एरवी किती लागतो हेच माहीत नसेल तर आज अधिक लागला हे कळणार कसे? साठ जणांच्या वर्गातील अकरा जणांनी ते लिहून आणले. त्यांपैकी दोघींच्या वहीत गुरुवारची वेळ बुधवारच्या तिप्पट होती, आणि त्या का ते शोधायला लागल्या.

वाचनालयाची प्रणाली आता बरी चालते. सत्रअखेरच्या प्रश्नपत्रिकेत मी या विषयावर एक प्रश्न घातला: एकाखाली एक तीनदा ‘चऱ्होली’ असे छापायचे, तिन्हींची लांबी संगणकाच्या लेखी ७, ८ आणि ८ आहे असे द्यायचे, आणि हे कसे शक्य आहे ते विचारायचे. मी तिन्ही रूपे वेगवेगळ्या प्रकारे टाइप करून, दोनदा तपासून फाइल पाठवली. परीक्षेच्या दिवशी पत्रिका हाती आली तेव्हा त्यात चऱ्होली एकदाच छापली होती. चौकशी केली, तर मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की एकच शब्द चुकून तीनदा पडला होता, म्हणून त्यांनी दोन काढून टाकले.